कर्ट थॉमस ते जेलन विल्यम्स: संघ ड्राफ्टने उभा राहतो की ट्रेडने?

आडवाट (धागाकर्ता)

२३ जून २०२५ च्या पहाटे साडेपाचला आपण सगळे जागे होतो. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सविरुद्ध १०३-९१ असा जिंकला आणि तेव्हापासून नेहमीच्या गप्पांच्या धाग्यावर एकच वाद घोळतो आहे: थंडरचा हा संघ ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) घडला की ट्रेडमधून (संघासंघांतल्या देवाणघेवाणीतून)? तिथल्या गर्दीत मुद्दा हरवू लागला, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे.

माझे म्हणणे एका साखळीतून मांडतो. २००७ च्या उन्हाळ्यात फीनिक्स सन्सला लक्झरी टॅक्सचे (पगाराची ठरलेली रेषा ओलांडल्याबद्दलच्या कराचे) पैसे वाचवायचे होते. त्यांनी कर्ट थॉमस हा चौतिशीतला खेळाडू सिअ‍ॅटलच्या गळ्यात मारला आणि तो घ्यावा म्हणून वर पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमधल्या निवडीचे हक्क) दिले. बदल्यात दुसऱ्या फेरीच्या एका पिकवर समाधान मानले. सिअ‍ॅटलचे जनरल मॅनेजर म्हणून सॅम प्रेस्टी यांची नेमणूक नुकतीच झाली होती. त्या दोनपैकी एका पिकवर २००८ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर सर्ज इबाका आला आणि त्याच उन्हाळ्यात संघाचे बिऱ्हाड ओक्लाहोमा सिटीला हलले. आठ वर्षांनी इबाका ऑर्लँडोला गेला आणि त्याच्या बदल्यात जे आले त्यांत व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमँटास सबोनिस होते. २०१७ मध्ये हे दोघे इंडियानाला देऊन प्रेस्टींनी पॉल जॉर्ज घेतला. २०१९ मध्ये तोच जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सना देऊन त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि पिकच्या अदलाबदलीचे दोन हक्क पदरात पाडून घेतले. त्या पाचांपैकी एका पिकवर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला.

आता साखळीचे दुसरे टोक पाहा. २०१७ मध्ये इंडियानाला मिळालेला सबोनिस २०२२ मध्ये सॅक्रामेंटोला गेला आणि बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आला. म्हणजे अंतिम फेरीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांचे मुख्य खेळाडू पॉल जॉर्जच्या विक्रीतून आलेले होते, आणि स्वतः जॉर्ज, ज्याला इंडियानाने २०१० मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडले होते, तो अजूनही पहिल्या विजेतेपदाच्या शोधात फिलाडेल्फियात बसला आहे.

या अठरा वर्षांत ड्राफ्ट कुठे संपला आणि ट्रेड कुठे सुरू झाला हे मला तरी दाखवता येत नाही. दिसते ते एवढेच की प्रत्येक कडीवर समोरचा पक्ष अडलेला होता. फीनिक्सला कर वाचवायचा होता. करार संपल्यावर आपण थांबणार नाही असे जॉर्जने इंडियानाला कळवले होते. आणि जॉर्ज बरोबर येत असेल तरच क्वाय लेनर्ड क्लिपर्सकडे येणार, अशी २०१९ मध्ये अवस्था होती. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात. प्रेस्टींचे सारे कौशल्य आपण स्वतः गरजवंत न होण्यात आहे, असे माझे मत आहे. मंडळींनी आपापली मते सविस्तर लिहावीत.

तटबंदी

आडवाट, साखळी सुरेख गुंफली आहे, पण अशा साखळ्या मागे वळून पाहतानाच दिसतात. इबाकाला निवडताना त्यातून सतरा वर्षांनी विजेतेपद निघेल असे कुणाच्याही मनात नसणार. शिवाय त्याच प्रेस्टींनी २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर केव्हिन ड्युरंट, २००८ मध्ये चौथ्यावर रसेल वेस्टब्रूक आणि २००९ मध्ये तिसऱ्यावर जेम्स हार्डन असे लागोपाठ तीन वर्षे निवडले होते. तिघेही पुढे एमव्हीपी (हंगामातले सर्वोत्तम खेळाडू) झाले. ड्राफ्टमधून कोणत्याही संघाच्या हाती याहून जास्त काही लागल्याचे मला तरी आठवत नाही. २०१२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत मायामीकडून हरला आणि नव्या हंगामाच्या तोंडावर कराराच्या रकमेवरून हार्डनला ह्यूस्टनला धाडण्यात आले. थंडरला पहिले विजेतेपद मिळायला पुढे जवळजवळ तेरा वर्षे लागली, आणि त्याचे एक कारण तो ट्रेड होता असे मी मानतो.

माझा पक्ष साधा आहे. विजेत्या संघाचा मुख्य खेळाडू बहुधा घरचाच असतो. गेल्या सात विजेत्यांकडे पाहा. २०२१ चा मिलवॉकीचा यानिस, २०२२ चा स्टीफन करी, २०२३ चा निकोला योकिच आणि २०२४ चा जेसन टेटम हे चौघेही त्याच संघाने निवडलेले होते. बाहेरून आणलेला मुख्य खेळाडू २०१९ मध्ये टोरोंटोकडे, २०२० मध्ये लेकर्सकडे आणि यंदा थंडरकडे होता. त्यातला टोरोंटोचा लेनर्ड एका हंगामात निघून गेला आणि २०२० चा लेब्रॉन फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून लॉस एंजेलिसला आला होता. ज्या शहरात समुद्र आणि सिनेमा दोन्ही आहेत त्या शहराचे उदाहरण मिलवॉकीच्या काय कामाचे?

सॅन अँटोनियोचे तर बोलायलाच नको. टिम डंकन १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर, मनू जिनोबिली १९९९ मध्ये सत्तावन्नाव्या, टोनी पार्कर २००१ मध्ये अठ्ठाविसाव्या. डंकन एकोणीस हंगाम एकाच संघाकडून खेळला आणि पाच वेळा जिंकला. एका पिढीला दुसऱ्या पिढीच्या हाती संघ सोपवता येतो तो अशाच ठिकाणी.

नवखा कोर्टवर

मी या खेळाकडे अलीकडेच वळलो आहे, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारतो. आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली जड त्याला खेळाडू, हे समजते. पण जो खेळाडू अजून महाविद्यालयातही पोहोचलेला नाही, त्याला निवडण्याचा हक्क आज कसा विकता येतो? आणि संघ असे हक्क देऊन का टाकतात?

आडवाट

नवखा, शंका प्राथमिक मुळीच नाही. धाग्याचे मूळ तिथेच आहे. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या असतात आणि तीस संघांपैकी प्रत्येकाला दर फेरीत एक पाळी मिळते. प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) न पोहोचलेल्या चौदा संघांमध्ये लॉटरी होते, बाकीच्यांचा क्रम विजयांच्या उलट लागतो. ही पाळी हीच मालमत्ता, आणि ती सात वर्षे पुढची असली तरी ट्रेडमध्ये देता येते. आपल्याकडे शेतकरी अडचणीत आला की उभे पीक विकतो. इथे तर पेरणीही व्हायच्या आधीचे विकले जाते. योगायोगाने पिक आणि पीक हे दोन्ही शब्द मराठीत जवळपास सारखेच लिहिले जातात.

देऊन का टाकतात? कारण देणाऱ्याला वाटते की तोवर आपण जिंकत असू आणि हक्क शेवटच्या क्रमांकांवर घसरून कवडीमोलाचा होईल. कधी तसे होते, कधी होत नाही. क्लीव्हलँडने १९८० मध्ये देऊन टाकलेल्या अशाच एका पिकवर, तोही पहिल्या क्रमांकावर, १९८२ मध्ये लेकर्सनी जेम्स वर्दीला घेतले. बदल्यात क्लीव्हलँडला मिळालेल्या डॉन फोर्डचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. त्यानंतर मालक झालेल्या टेड स्टेपियन यांनी तर हे पिक आणखीच सढळ हाताने वाटले. तेव्हापासून लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक विकता येत नाहीत, आणि त्या नियमाला आजही स्टेपियन यांचेच नाव आहे. असली कीर्ती कुणाच्या वाट्याला न येवो.

पहाटगाडी

सॅक्रामेंटो किंग्जचा चाहता या नात्याने मला या धाग्यावर बोलण्याचा अधिकार सगळ्यांत जास्त आहे, कारण आमच्या संघाने दोन्ही मार्गांनी हात पोळून घेतले आहेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. किंग्ज आणि पेसर्स हेच ते दोन संघ. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे आपोआपच मी त्यांच्या बाजूचा झालो. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा घेतला आणि मी घरी येताना मनाशी म्हटले की एका गुणाने हरणारा संघ फार वाईट नसावा. ही माझी पहिली चूक होती.

त्याच्या आधीच, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, दुसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच उपलब्ध असताना आमच्या लोकांनी मार्विन बॅग्लीला निवडले होते. तेव्हा तटबंदी यांनी ड्राफ्टचे कितीही गोडवे गायले तरी माझा त्यांना एकच प्रश्न आहे: वरचा क्रमांक मिळूनही निवडच चुकली तर काय? २०२० मध्ये बाराव्या क्रमांकावर हॅलिबर्टन आमच्याकडे घरंगळत आला, ती मात्र निखळ चांगली निवड होती. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही तो सबोनिससाठी देऊन टाकला.

इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण अंतिम फेरीनंतर सगळीकडे हा ट्रेड म्हणजे मूर्खपणाचा नमुना म्हणून दाखवला जातो आहे. तो तितका सरळ नव्हता. डीॲरन फॉक्स आणि हॅलिबर्टन हे दोघेही चेंडू हातात ठेवून खेळणारे गार्ड. दोघांची वाढ एकाच वेळी करायची तर एकाच्या हातातून चेंडू काढून घ्यावा लागत होता. सबोनिस आल्यावर पुढच्याच हंगामात किंग्जने ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला आणि सोळा हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. वॉरियर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात करीने ५० गुण केले आणि आम्ही बाहेर पडलो, तरी त्या वसंतातल्या पहाटांबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला वाट मोकळी करून द्यावी लागली, तोच राहिला नाही. आडवाट म्हणतात तसे आम्ही अडलेले होतो हे खरे, पण अडलेपण नेहमी तिजोरीचे नसते. सोळा वर्षे हरणाऱ्या गावाला दिलेल्या शब्दाचेही असते.

तिरकी रेघ

ड्राफ्टचाच कळस आणि ड्राफ्टचाच पाया मानणाऱ्यांनी २००४ च्या डेट्रॉइट पिस्टन्सकडे पाहावे अशी विनंती आहे. त्या संघाला कुणीच सुपरस्टार म्हणत नव्हते, आणि त्याने शकील ओनील व कोबी ब्रायंटच्या लेकर्सना ४-१ असे धूळ चारली.

बेन वॉलेसला मुळात कुणीच ड्राफ्ट केले नव्हते. २००० मध्ये ग्रँट हिल ऑर्लँडोला निघाल्यावर डेट्रॉइटने जो व्यवहार जुळवला त्यात तो आला. त्या वेळी हिलसारखा खेळाडू गेल्याबद्दल डेट्रॉइटची कीव केली जात होती. पुढे हिलचा घोटा सतत दुखावला आणि वॉलेस हा त्या काळातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. चॉन्सी बिलप्स अनेक संघांच्या पायऱ्या झिजवून फ्री एजंट म्हणून आला. रिचर्ड हॅमिल्टन ट्रेडमध्ये आला, रशीद वॉलेस तर विजेतेपदाच्या चार महिने आधी ट्रेडमध्ये आला. पाचांपैकी एकटा टेशॉन प्रिन्स त्यांनी निवडलेला, तोही तेविसाव्या क्रमांकावर.

आणि यातली गंमत अशी की या संघाकडे २००३ मध्ये ड्राफ्टचा दुसरा क्रमांकही होता. १९९७ मध्ये ओटिस थॉर्पच्या बदल्यात व्हँकुव्हरकडून मिळालेला तो पिक सहा वर्षे मुरून इतका वर आला होता. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिघेही शिल्लक असताना त्यांनी दार्को मिलिचिचला निवडले. तो जवळजवळ खेळलाच नाही आणि संघ तरीही जिंकला. ड्राफ्टमध्ये सोन्याचा घास मिळून तो सांडला तरी जिंकता येते, हे या एका संघाने दाखवले. असा दुसरा संघ मात्र मला सापडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

हिशेबनीस

चर्चा खेळाडूंच्या गुणवत्तेभोवती फिरते आहे. मी पगाराच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या मते ड्राफ्टचे खरे मोल तिथे आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार ठरलेला असतो. पहिली दोन वर्षे पक्की आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर. म्हणजे खेळाडू तिसऱ्या वर्षी ऑल-स्टार झाला तरी चौथ्या वर्षापर्यंत संघ त्याला त्याच्या खऱ्या किमतीच्या कितीतरी खाली वापरतो. यंदा थंडरकडे विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन हे दोघेही अशाच करारांवर खेळत होते, म्हणून तर आयझेया हार्टेनस्टाइनसारख्या अनुभवी सेंटरला मोठी रक्कम मोजता आली. आता गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा २८.५ कोटी डॉलरचा करार झाला आहे आणि त्या दोघांचेही नवे करार झाले आहेत. स्वस्ताई संपली, खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन वर्षांत आहे.

२०२३ च्या कामगार करारात आलेल्या दुसऱ्या एप्रनने हा हिशेब आणखी कडक केला. पगाराची ती रेषा ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि सात वर्षांपुढचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो. २०२४ चे विजेते बोस्टन सेल्टिक्स वर्षभरात ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांनाही सोडून बसले ते याच कारणाने. खेळात ते कमी पडले म्हणून नव्हे. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणून.

फीनिक्सचे उदाहरण तर हिशेबाच्या वहीत लाल शाईने लिहावे असे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ड्युरंटसाठी त्यांनी मिकाल ब्रिजेस, कॅमेरॉन जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिले, मग उन्हाळ्यात ब्रॅडली बीलला आणले. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत ४-० असे हरवले आणि २०२५ मध्ये ४६ सामने हरून ते प्लेऑफलाही पोहोचले नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरंटला ह्यूस्टनला विकताना जे मिळाले त्यात यंदाचा दहाव्या क्रमांकाचा पिक होता. तो मूळचा फीनिक्सचाच, दोन वर्षांपूर्वी ड्युरंटसाठी दिलेला. आपलीच गहाण टाकलेली अंगठी आपणच सोडवून आणली आणि वर त्याचा आनंद मानला.

उपनगरी

ड्राफ्टची चर्चा मुद्दाम हरण्याविषयी न बोलता पूर्ण होत नाही. जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांनी २०१३ ते २०१६ या काळात फिलाडेल्फियात जे केले त्याला त्यांच्या समर्थकांनी प्रक्रिया असे भारदस्त नाव दिले. तीन हंगामांत ४७ विजय, त्यातल्या शेवटच्या हंगामात अवघे १०. त्या हरण्यातून जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स मिळाले. मग २०१७ मध्ये बोस्टनशी अदलाबदल करून पहिल्या क्रमांकावर मार्केल फुल्ट्झ घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर टेटम बोस्टनला मिळाला. इतक्या वर्षांत हा संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही गेलेला नाही. एम्बीड एमव्हीपी झाला हे मान्य, पण संघ उभा राहिला असे कोण म्हणेल?

लीगनेही २०१९ पासून लॉटरी बदलली. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या क्रमांकाची शक्यता २५ टक्के असे, आता तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के असते. यंदा १७ विजयांसह तळाशी राहिलेला यूटा पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला, आणि १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक मिळून कूपर फ्लॅग मिळाला. शिवाय तटबंदी यांनी दिलेलीच नावे घ्या. यानिस पंधरावा, करी सातवा, योकिच एकेचाळिसावा, टेटम तिसरा. त्यांत लेनर्ड पंधरावा आणि गिल्जस-अलेक्झांडर अकरावा धरला तर सातांपैकी पहिल्या क्रमांकाचा एकटा लेब्रॉन उरतो, आणि ज्या क्लीव्हलँडने त्याला निवडले होते त्यांच्यासाठी तो २०२० मध्ये खेळत नव्हता. मग पहिल्या क्रमांकासाठी ८२ सामने प्रेक्षकांची फसवणूक कशासाठी करायची? तिकिटाचे पैसे देऊन कुणी हरण्याचा सराव पाहायला येत नाही.

तटबंदी

उपनगरी, माझीच नावे माझ्यावर उलटवलीत, दाद देतो. पण त्यातून ड्राफ्टचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. सातवा, पंधरावा, एकेचाळिसावा हे क्रमांक हरून मिळत नाहीत. ते नीट पाहणाऱ्याला मिळतात. डंकनच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसला म्हणून सॅन अँटोनियो त्या वर्षी ६२ सामने हरले, आणि डंकनवर डोळा ठेवून बसलेल्या बोस्टनच्या पदरी तिसरा व सहावा क्रमांक आला. नशीब लागतेच, पण डंकनच्या शेजारी अठ्ठाविसावा आणि सत्तावन्नावा उभा करायला नशीब पुरत नाही.

ट्रेडचा मी सरसकट विरोधक नाही, हेही स्पष्ट करतो. प्रश्न क्रमाचा आहे. २००७ मध्ये बोस्टनने रे ॲलन आणि केव्हिन गार्नेट आणले तेव्हा १९९८ मध्ये त्यांनीच निवडलेला पॉल पीअर्स आधीपासून घरात होता. २४ विजयांवरून संघ ६६ वर गेला आणि जिंकला. मिलवॉकीने २०२० मध्ये हॉलिडेसाठी पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दोन अदलाबदली दिल्या तेव्हा महाग वाटले होते, पण यानिस घरात होता, त्याने पुढच्याच महिन्यात मोठा करार केला आणि पुढच्या उन्हाळ्यात पन्नास वर्षांनी विजेतेपद आले. डेन्व्हरने ॲरन गॉर्डनला आणले तेव्हा योकिच आणि जमाल मरे आधीच होते. उलट २०१३ मध्ये ब्रुकलिनने तोच गार्नेट सदतिसाव्या आणि तोच पीअर्स पस्तिसाव्या वर्षी विकत घेतला, तेव्हा घरात कोण होते? त्या व्यवहारातल्या पिकवर बोस्टनने जेलन ब्राऊन आणि टेटम मिळवले आणि अकरा वर्षांनी विजेतेपद जिंकले. बोस्टनचे व्यवहार ठरवणारा दोन्ही वेळी एकच, डॅनी एंज. एकदा त्यांनी पिकले पान घेतले आणि एकदा विकले, दोन्ही वेळा योग्य ऋतूत.

तिरकी रेघ

तटबंदी, ब्रुकलिनमधून आलेल्या पिकवर मिळालेला ब्राऊन आणि टेटम तुमच्या हिशेबात ड्राफ्टमधले की ट्रेडमधले? पहिल्या प्रतिसादात तुम्ही टेटमला घरचा म्हटले आहे. तो पिक मुळात ब्रुकलिनचा, मग फिलाडेल्फियाशी अदलाबदल होऊन तिसरा झालेला. याला घरचा म्हणायचे तर दत्तक कुणाला म्हणायचे? लेकर्सचा कोबीही असाच: १९९६ मध्ये तेराव्या क्रमांकावर शार्लटने निवडलेला आणि व्लादे डिवाचच्या बदल्यात आलेला. बिल रसेल तर १९५६ मध्ये एड मकॉली आणि क्लिफ हेगन यांना सेंट लुईसला देऊन बोस्टनच्या रेड ऑरबाक यांनी मिळवलेला. अकरा विजेतेपदांची ती मालिका ट्रेडने सुरू झाली असे म्हटले तर चालेल काय?

तटबंदी

चालेल. पण पहिल्या दिवसापासून जो तुमचाच गणवेश घालून खेळला तो माझ्या लेखी घरचा. दत्तक मुलालाही घराचे नाव लागतेच.

नवखा कोर्टवर

आडवाट यांचा गरजवंताचा नियम मला पटू लागला होता, पण डॅलसचे काय? डॉन्चिच पंचविशीत होता, आदल्याच वर्षी संघ अंतिम फेरीत गेला होता, कराराला वेळ होता. कुणीच अडलेले नसताना त्यांनी त्याला लेकर्सना अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीच्या एकाच पिकवर का दिले?

आडवाट

नवखा, त्या व्यवहाराने माझा नियम मोडतो हे कबूल करतो. गरज नसतानाही अक्कल जाऊ शकते. त्याहून खटकते ते असे की डॅलसने बाजारात दवंडीच पिटली नाही; इतर संघांना कळले असते तर एका पिकवर भागले नसते. मग १.८ टक्क्यांची चिठ्ठी निघाली आणि फ्लॅग मिळाला, ही मात्र हिशेबात न धरण्याची गोष्ट आहे. ती कुणाच्या धोरणात लिहिलेली नव्हती.

तटबंदी यांचा क्रमाचा मुद्दा मी माझ्या म्हणण्यात घेतो. तसाच पहाटगाडी यांचाही: हरणाऱ्या गावाला दिलेला शब्द ही गरज मी धरलीच नव्हती, आणि ओक्लाहोमाला ती सोय होती की तिथल्या लोकांनी २०२० ते २०२३ अशी तीन प्लेऑफविना वर्षे निमूटपणे सोसली. सगळ्या शहरांत ते चालत नाही.

पहाटगाडी

शेवटी एक तपशील, जो या साखळीत कुणीच जोडलेला नाही. २०१९ च्या जॉर्जच्या व्यवहारातल्या अदलाबदलीचा हक्क वापरून थंडरने यंदा क्लिपर्सचा चोविसावा क्रमांक घेतला आणि त्यांना आपला तिसावा दिला. तो चोविसावा क्रमांक ड्राफ्टच्या रात्री पुढच्या एका पहिल्या फेरीच्या पिकच्या बदल्यात त्यांनी विकला, आणि विकत घेणारे होते आम्हीच, सॅक्रामेंटो. निक क्लिफर्ड आता किंग्जचा आहे. कर्ट थॉमसची साखळी अखेर आमच्याही दारात आली म्हणायची, फक्त यावेळीही पैसे आम्हीच मोजले. क्लिपर्सचा २०२६ चा पहिल्या फेरीचा पिकही जॉर्जच्या त्याच व्यवहारात ओक्लाहोमाच्या वाट्याला आला होता.